आजी-आजोबा पाणीच घेत नाहीत? आधी कारण शोधा, मग पेला बदला

मार्च उजाडला की घरी रुग्णसेवा करणाऱ्या मुलींचे आणि मावशींचे फोन वाढतात. तक्रार ठरलेली असते: "ताई, आजी पाणीच घेत नाहीत. दोन घोट घेतात आणि भांडं बाजूला सारतात." मुलगा ऑफिसातून फोन करून विचारतो, पाणी किती झालं. सून सरबत करून ठेवते. दोन दिवस ते चालतं, तिसऱ्या दिवशी सरबताचा पेलाही तसाच. मग शहाळं, मग ओआरएस, मग ग्लुकोज पावडर, आणि आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या.

हा प्रश्न परत परत येतो, कारण आपण पेय बदलत राहतो आणि नकार कशामुळे आहे ते कोणी बघत नाही. साध्या पाण्याला पर्याय भरपूर आहेत, आपल्या स्वयंपाकघरात तर फारच चांगले आहेत. पण कोणता पर्याय कोणाला लागू पडेल हे नकाराच्या कारणावर ठरतं, आणि कोणता कोणाला बाधेल हे त्या माणसाच्या आजारावर.

किती लागतं, आणि त्यात काय धरायचं

वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते. लघवी घट्ट करून पाणी राखून ठेवायची मूत्रपिंडांची ताकदही कमी होते. त्यामुळे "तहान लागली की मागतील" हा हिशेब सत्तरीनंतर चालत नाही. अंगात पाणी कमी पडलेलं असतं, तरी "मला तहान नाही गं" हे आजी खरंच सांगत असतात. त्याला हट्ट म्हणू नका.

युरोपियन सोसायटी फॉर क्लिनिकल न्यूट्रिशन अँड मेटाबोलिझम या संस्थेने वयस्कर स्त्रियांसाठी दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांसाठी २ लिटर पेयं सांगितली आहेत. हा आकडा त्यांच्याकडच्या हवेचा. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात, किंवा अंगात ताप असताना, गरज वाढते. मात्र यात फक्त पाणी धरलेलं नाही. दूध, ताक, सार, चहा, कॉफी सगळं यात येतं. "चहाने अंगातलं पाणी कमी होतं" असं सांगून आजोबांचा चार वाजताचा चहा बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. रोजच्या सवयीच्या दोन-तीन कप चहाने तसं काही होत नाही. जो माणूस दिवसभरात मनापासून फक्त चहाच पितो, त्याचा तो आधार आधी काढून घेऊ नका.

मोजायचं कसं? घरातली भांडी एकदाच मोजून ठेवा. नातवंडाची दुधाची बाटली असेल तर तिच्यावर मिलीच्या रेघा असतात. त्या बाटलीने फुलपात्र, चहाचा कप, आमटीची वाटी यांत किती मावतं ते पाहा आणि फ्रिजवर कागद चिकटवा. "आज पाच-सहा ग्लास झाले" या नोंदीला काही अर्थ नाही, कारण ग्लास कोणता आणि त्यातलं पोटात किती गेलं हेच कोणाला माहीत नसतं. उरलेलं वजा करून लिहा.

आणि यापुढचं काहीही करण्याआधी फाइल उघडा. हृदयाचं पंपिंग कमी असेल, डायलिसिस चालू असेल, यकृताच्या आजाराने पोटात पाणी होत असेल, तर डॉक्टरांनी पाण्याला मर्यादा घातलेली असू शकते. तिथे जास्त पाजणं हेच दुखणं होईल. रक्तातलं सोडियम कमी झाल्याचा इतिहास असेल तरीही विचारा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या बीपीच्या गोळ्यांनी सोडियम घसरू शकतं, आणि अशा माणसाला नुसतं साधं पाणी भरपूर पाजलं तर ते आणखी घसरतं. दिवसाला किती चालेल, तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. "भरपूर द्या" किंवा "बेताने द्या" यावर काम करता येत नाही.

सगळ्यात जास्त आढळणारं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण: लघवीची धास्ती

कोथरूडच्या एका घरातल्या आजी, निवृत्त शिक्षिका, बोलायला तल्लख. दोन्ही गुडघे गेलेले. सकाळी चहा, दुपारी जेवताना दोन घोट, त्यानंतर काही नाही. घरच्यांनी सरबतांची रांग लावली होती. त्यांच्याजवळ बसून, मुलाला बाहेर पाठवून विचारलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "रात्री उठायचं म्हणजे हिला उठवावं लागतं. ती दिवसभर दमते. आणि एकदा पोचेपर्यंत साडी भिजली." कोकम की लिंबू, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता.

पाणी टाळणाऱ्या बाईला किंवा पुरुषाला असं एकटं गाठून विचारा. अटेंडंट नवीन असेल तर लाज असते. आजोबांना बाई अटेंडंटपुढे युरिन पॉट मागणं जड जातं. काही घरांत डायपरचा खर्च वाचवायला संध्याकाळनंतर पाणीच कमी दिलं जातं. बारा तासांच्या ड्यूटीत जड शरीराच्या माणसाला एकटीने उठवून कंबर गेलेली मावशीही नकळत पाण्याचा आग्रह सोडते. यात दोष कोणाचा हे शोधत बसू नका, पण हे बोलून घ्या. बोललं नाही तर कुठलंही पेय टिकणार नाही.

उपाय साधे आहेत. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, पायाजवळ रात्रीचा मंद दिवा, नाडीऐवजी इलॅस्टिक, आजोबांसाठी हाताच्या अंतरावर पॉट. दिवसा दर दोन तासांनी, कळ यायच्या आधीच, "जाऊन येऊ या का?" असं विचारायचं. पेयांचा मोठा वाटा सकाळी सहा ते संध्याकाळी पाच-सहा या वेळात संपवायचा आणि रात्री गोळ्यांपुरतं पाणी ठेवायचं. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर ती सकाळीच घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वेळ स्वतःहून बदलू नका. त्या आजींना हेही समजावून सांगितलं की पाणी कमी केल्याने धावपळ कमी होत नाही. बद्धकोष्ठ होतं, लघवीला जळजळ होते, संसर्ग झाला तर रात्रीच्या फेऱ्या उलट वाढतात. खुर्ची आली आणि दुपारचं ताक आपोआप सुरू झालं.

तहानच नाही, पाणी बेचव लागतं

पर्यायांचा खरा उपयोग इथे आहे, आणि इथे बाजारात जायची गरज फार थोडी आहे. माणूस कुठल्या घरात वाढला ते विचारा. कोकणातल्या आजोबांना उकड्या तांदळाची पेज द्या, मालवण-गोव्याकडच्यांना तिवळ (कोकमाचं पातळ पाणी) किंवा सोलकढी. देशावरच्या माणसाला ज्वारीची किंवा नाचणीची आंबील ओळखीची असते. मुगाचं कढण, आमसुलाचं सार, टोमॅटोचं सार, पातळ कढी, वरणाचं वरचं पाणी, या सगळ्यांत पाणी पोटात जातं आणि ते पाणी म्हणून जात नाही, त्यामुळे वाद होत नाही. माठात वाळ्याची जुडी टाकली, किंवा रात्री धणे-जिरे भिजवून सकाळी ते पाणी गाळून दिलं, तर तेच पाणी काहींना आवडू लागतं. पन्हं उन्हाळ्यात उत्तम, पण गूळ-साखरेचा हिशेब ठेवून.

फळं-भाज्याही धरा. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, कलिंगडात ९० टक्क्यांहून जास्त. संत्रं, मोसंबी, दुधीची पातळ भाजी, दही, सगळ्यांचा हातभार लागतो. कवळी नीट बसत नसेल तर काकडी किसून दह्यात कालवा. ज्यांना गिळायला काहीच त्रास नाही, त्यांना कोकमाचं किंवा लिंबाचं फिकं सरबत बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एकेक खडा चघळायला दिला तर दुपारच्या उकाड्यात तो हमखास जातो.

देण्याची पद्धत पेयाइतकीच महत्त्वाची. "आजी, पाणी देऊ?" या प्रश्नाला "नको" हे उत्तर तयारच असतं. "ताक आणू की सार?" असं विचारा. मोठा पेला पाहूनच पोट भरतं, म्हणून शंभर-सव्वाशे मिली, तासा-दीड तासाने. स्वतःचाही कप घेऊन शेजारी बसा. विसरभोळेपणाच्या आजारात ही युक्ती सर्वांत जास्त चालते, कारण समोरचा पितो आहे हे पाहून हात आपोआप पेल्याकडे जातो. अशा माणसाला पांढऱ्या ओट्यावरचा काचेचा पेला नीट दिसतही नाही. लाल किंवा गडद निळा पेला ठेवा.

उपासाचे दिवस वेगळे सांभाळावे लागतात. संकष्टी-एकादशीला आजी पेज-आमटी घेणार नाहीत, पण भगरीची पेज, ताक, कोकम, दूध घेतील. निर्जळी करायचा हट्ट असेल तर घरच्यांनी डॉक्टरांना मध्ये घ्यावं. अटेंडंटने एकटीने तो वाद अंगावर घेऊ नये.

पाणी घेताना ठसका लागतो

हे कारण असेल तर वरचं अर्धं विसरा. पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्यांना आणि पार्किन्सनच्या रुग्णांना घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणी गिळणं अवघड असतं. पाणी भर्रकन घशात उतरतं, श्वासनलिकेचं झाकण वेळेत मिटत नाही आणि थेंब फुप्फुसात जातात. न्यूमोनिया होण्याचा हा मोठा रस्ता आहे. अनुभवाने त्या माणसाला हे कळलेलं असतं, म्हणून तो पेला बघून तोंड फिरवतो. पिताना खोकला, पिऊन झाल्यावर घरघरता ओला आवाज, गालात पाणी धरून ठेवणं, वारंवार ताप, यातलं काही दिसलं तर पेयांचे प्रयोग थांबवा आणि गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टला दाखवा. काहींना ठसका लागतच नाही आणि तरी पाणी चुकीच्या वाटेने जातं, म्हणून "खोकले नाहीत म्हणजे ठीक" असं समजू नका.

थेरपिस्ट पेय किती दाट हवं ते ठरवून देतात. ते रोज सारखंच होतंय का हे पाहायची सोपी पद्धत आहे. बिनसुईची १० मिलीची सिरिंज घ्या, शून्यापासून दहाच्या रेघेपर्यंत ६१.५ मिमी लांब असलेली. दांडा काढा, खालचं तोंड बोटाने दाबून दहाच्या रेघेपर्यंत पेय भरा, बोट काढून बरोबर १० सेकंद वाहू द्या आणि पुन्हा दाबा. आत १ ते ४ मिली उरलं तर दाटपणाची पहिली पायरी, ४ ते ८ उरलं तर दुसरी, ८ च्या वर राहून अजून थेंब पडत असतील तर तिसरी. थेरपिस्टने "दुसरी पायरी" लिहिलं असेल तर सकाळच्या मुलीचं आणि रात्रीच्या मावशीचं पेय इथेच जुळलं पाहिजे.

कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाच्या पिठाने दाट करायचा सल्ला घराघरात मिळतो. त्यात एक अडचण आहे. लाळेतलं पाचकद्रव्य पिठाला लगेच पातळ करतं. चमचा तोंडातून काढून परत वाटीत बुडवला की काही मिनिटांत वाटीतलं पेयही पातळ होतं. पेजेचंही तसंच, शिवाय ती गरम असताना पातळ आणि निवल्यावर घट्ट. झँथन गमची तयार पावडर लाळेपुढे टिकते, म्हणून बहुतेकदा तीच सुचवली जाते. पेज-कढण द्यायचंच असेल तर थेरपिस्टला करून दाखवा आणि त्यांच्या संमतीने द्या.

अशा माणसांना जेली, आइस्क्रीम, बर्फाचे खडे निर्धोक वाटतात, पण तोंडात वितळून ते पाणीच होतात. कलिंगड-संत्रं चावलं की रस आधी घशात पळतो आणि चोथा मागे राहतो. सब्जाचं पाणीही नको.

बसवून पाजायचं, पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली. पडल्या पडल्या कधीच नाही. चोचीचा फीडिंग कप टाळा, कारण त्यातून प्यायला मान मागे टाकावी लागते आणि घशाची वाट उघडी पडते. प्लॅस्टिकच्या मऊ पेल्याच्या काठाला एका बाजूने अर्धचंद्राकार खाच कापा आणि कडा पट्टीने मऊ करा. खाचेत नाक बसतं, पेला पूर्ण कलला तरी मान सरळ राहते. पिऊन झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवा.

तोंड कोरडं, जिभेवर पांढरा थर, कवळीखाली फोड, हात थरथरतात म्हणून पेला सांडायची भीती, ही कारणंही असतात आणि ती पाच मिनिटांत सापडतात. टॉर्च घेऊन तोंड बघा. तोंडाची कोरड औषधांनीही येते. लघवी आवरायच्या, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही गोळ्या तसं करतात, तेव्हा गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

कोणाला काय बाधतं

शहाळ्याचं पाणी निरुपद्रवी समजून सगळ्यांना दिलं जातं. मध्यम शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे एका केळ्याइतकं किंवा थोडं जास्तच. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपी-हृदयाच्या गोळ्यांपैकी काही चालू असेल, तर रोजच्या शहाळ्याआधी डॉक्टरांना विचारणं सक्तीचं समजा. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बाहेरून काही दिसत नाही. सरबतात "लो सोडियम" मीठ घालत असाल तर त्यातही पोटॅशियमच असतं. सैंधव बीपीला चालतं हाही गैरसमज आहे, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपी आणि हृदयाच्या रुग्णांचं ताक मिठाविना, हिंग-जिरेपूड-कोथिंबिरीवर रुचकर करा.

ओआरएस हे जुलाब-उलटीचं औषध आहे, रोजचं सरबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. हृदयाच्या रुग्णाला ते रोज देणं म्हणजे अंगाला सूज आणणं. द्यायचं तेव्हा लिटरची पुडी पूर्ण लिटरमध्ये, आणि २४ तासांत संपवून उरलेलं फेकून. दुकानात डबीतली गोड पेयं ओआरएसच्या नावाने विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. तरी घरात जुना साठा असेल तर लेबल वाचा.

मधुमेहात ग्लुकोज पावडर आणि डबाबंद रस नकोत. सार, ताक, धण्याचं पाणी, लिंबू-जिरे पुरेसे आहेत. रस्त्यावरचा उसाचा रस बर्फाच्या आणि पाण्याच्या खात्रीशिवाय कोणालाच देऊ नका. कावीळ म्हातारपणी फार महागात पडते.

गोळ्या मात्र साध्या पाण्यानेच. थायरॉइडची गोळी चहा-दुधाबरोबर नीट शोषली जात नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक ताक-दुधाबरोबर देऊ नयेत. हाडांसाठीची आठवड्याची गोळी पेलाभर साध्या पाण्यानेच घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. एरवीही गोळ्यांच्या वेळा कामाला येतात. आजी गोळीला नाही म्हणत नाहीत, तेव्हा घोटभर पाण्याऐवजी दीडशे मिली हातात द्या.

"एक सलाईन लावून टाका ना"

हे जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं. साध्या नॉर्मल सलाइनच्या ५०० मिलीच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असतं. जुलाब, उलट्या, गुंगी असेल तर ती बाटली जीव वाचवते. पण दुबळ्या हृदयाच्या आजोबांना "तरतरी यावी" म्हणून लावली तर रात्री धाप लागू शकते. आणि उद्या सकाळी ते तेवढंच पाणी पिणार असतात, जेवढं काल पीत होते. सलाईन डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय नाही, आणि लावली तर पिण्याची तजवीज त्याच दिवशी सुरू.

कमी पडतंय हे कसं कळेल, आणि फोन कधी करायचा

हाताच्या कातडीचा चिमटा काढून बघायची पद्धत म्हाताऱ्या, सैल त्वचेवर फसवते. लघवीच्या रंगावरही एकट्याने विसंबू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने ती पिवळीधमक होते, टीबीच्या औषधाने नारिंगी. आपल्या हातात असलेली सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे लिहिलेली नोंद: किती प्याले, लघवी किती वेळा किंवा युरोबॅगेत (लघवीच्या नळीच्या पिशवीत) किती मिली, सकाळचं वजन, बीपी, नाडी. दिवसाची आणि रात्रीची मुलगी एकाच वहीत लिहू दे. वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं किंवा पाय सुजले तर पाणी जास्त होतंय, तेही तितक्याच तातडीने कळवायचं.

काल ओळखणारी आजी आज नातवाला ओळखत नाही, उभं करताच चक्कर येते, सात-आठ तासांत लघवी नाही, उलट्या-जुलाब थांबत नाहीत, किंवा ताप आणि गुंगी एकत्र आहेत, अशा वेळी सरबत करत बसू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांशी बोलताना वही उघडी ठेवा आणि मागच्या २४ तासांत किती मिली गेलं, शेवटची लघवी कधी झाली आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं आधी सांगा. आजच्या गोळ्या, विशेषतः लघवीच्या, बीपीच्या आणि साखरेच्या, द्यायच्या की थांबवायच्या हे त्याच फोनवर विचारून घ्या.